स्त्रीबीजदान आणि ख्रिस्ती नीतिविचार

बाप कोण याविषयीं न्यायसभेंत वाद होऊं शकतो, आई कोण याविषयीं होऊं शकत नाहीं, असें जुने रोमन कायदेपंडित मानीत असत. जिच्या उदरांतून मूल बाहेर आलें ती त्याची आई. त्यास सुइणीच्या साक्षीपलीकडे पुरावा नको. रोमन साम्राज्य बुडालें तरी हा नियम युरोपांत चालत राहिला. ख्रिस्ती धर्मपीठांनींही तो उचलला, आणि इतक्या निःशंकपणें उचलला कीं त्यावर स्वतंत्र भाष्य करण्याची गरज कोणास फारशी वाटली नाहीं. पुढें १९८३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं एका स्त्रीच्या उदरीं दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून मूल जन्मास आलें, आणि शतकानुशतकें निजलेला तो प्रश्न उठून बसला.

या प्रश्नास ख्रिस्ती विचारवंतांनीं कसकशीं उत्तरें दिलीं तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. स्त्रीबीजदान योग्य कीं अयोग्य याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही आपणांकडे घेत नाहीं. परंतु हा वादाचा इतिहास वाचतां वाचतां एक गोष्ट आमच्या मनांत ठसली, व ती आरंभींच सांगून टाकणें बरें. या विचारवंतांनीं आधीं विवाह पाहिला, त्यानंतर मूल पाहिलें, आणि जिच्या देहांतून बीज काढलें जातें ती बाई सर्वांच्या शेवटीं पाहिली.

या उशिराचें कारण धर्मांत जितकें सांपडतें तितकेंच जुन्या शरीरशास्त्रांतही सांपडतें. ॲरिस्टॉटलच्या मतें पुरुष गर्भास रूप देतो, स्त्री केवळ द्रव्य पुरविते; आणि तेराव्या शतकांत सेंट टॉमस अक्विनास यानें तेंच मत ख्रिस्ती तत्त्वज्ञानांत आणून बसविलें. आमच्या वाचकांनीं यावरून पाश्चात्यांस हंसूं नये. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज मोठें कीं क्षेत्र मोठें यावर जो खल आहे त्यांतही बीज पुरुषाचें व क्षेत्र स्त्रीचें हें गृहीतच धरलेलें आहे, आणि महाभारतांतील नियोगाची कथा त्याच गृहीतावर उभी आहे. सस्तन प्राण्यांच्या मादीचें बीज प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिल्याचा मान कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाकडे जातो, आणि तें साल १८२७ होय. म्हणजे विवाह, संतति व व्यभिचार यांविषयींचे ख्रिस्ती धर्माचे सारे मूळ सिद्धांत, स्त्रीस बीज असतें हें नीटसें ठाऊक नसतांना रचले गेले. ज्या वस्तूचें अस्तित्वच ठाऊक नाहीं तिच्या दानाविषयीं धर्मशास्त्र काय बोलणार?

तरीही पवित्र शास्त्रांत या प्रश्नाच्या जवळपास जाणाऱ्या दोन कथा आहेत, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्या पुनःपुन्हां पुढें आणल्या गेल्या. उत्पत्तीच्या पुस्तकांत वांझ सारा आपली मिसरी दासी हागार ही अब्राहामास देते. पुढें राहेल याकोबास बिल्हा देते आणि तिच्या पोटीं झालेला मुलगा आपला म्हणते. आजच्या भाषेंत बोलायचें तर हागारेनें बीज व गर्भाशय हीं दोन्ही दिलीं. सेंट ऑगस्टिन यानें ‘ईश्वराचें नगर’ या ग्रंथाच्या सोळाव्या भागांत अब्राहामाचा कैवार घेतला आहे: त्याला दासीची अभिलाषा नव्हती, संतति हवी होती, आणि तीही पत्नीच्या इच्छेनें. अब्राहामाचें मन निर्मळ होतें, सारेची संमति होती. येथें ऑगस्टिनचा युक्तिवाद पुरा होतो. हागारेची संमति होती काय, हें त्याच्या लेखीं विचारण्याजोगें नव्हतें. मूळ कथा मात्र ऑगस्टिनहून उदार आहे. तींत ती गरोदर दासी छळास कंटाळून रानांत पळून जाते, झऱ्यापाशीं देवदूत तिला गांठतो, आणि आपणांस पाहणारा देव असें नांव ती परमेश्वरास ठेवते. त्या पुस्तकांत देवास नांव ठेवणारी पहिली व्यक्ति ही दासी आहे, हें आम्हांस लहानसें वाटत नाहीं.

आतां आधुनिक काळाकडे येऊं. स्त्रीबीजाच्या आधीं वाद झाला तो पुरुषबीजाचा. १८८४ सालीं फिलाडेल्फिया येथें एका डॉक्टरानें, पति निर्बीज असलेल्या स्त्रीस गुंगी देऊन, आपल्या एका विद्यार्थ्याच्या वीर्यानें तिला गर्भ राहील असें केलें. तिला हें सांगितलें नाहीं. पंचवीस वर्षांनीं, १९०९ सालीं, गोष्ट छापून आली तेव्हां एकच गहजब झाला. तत्पूर्वींच, १८९७ सालीं, रोमच्या धर्मसभेनें कृत्रिम गर्भधारणेविषयींच्या पृच्छेस ‘परवानगी नाहीं’ एवढें त्रोटक उत्तर देऊन ठेवलें होतें. इंग्लंडांत कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांच्या काळीं नेमलेल्या मंडळानें १९४८ सालीं अहवाल दिला. परक्या पुरुषाचें बीज घेणें हा विवाहाचा भंग आहे, इतकेंच नव्हे तर कायद्यानें तो गुन्हा ठरवावा, असें मंडळाच्या बहुमताचें म्हणणें पडलें. सेंट पॉल्सचे डीन मॅथ्यूज यांनीं त्यांस आपला विरोध नोंदविला. पुढल्याच वर्षीं, २९ सप्टेंबर १९४९ रोजीं, पोप बारावे पायस यांनीं कॅथलिक डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढें परबीजाचा निषेध केला; मात्र स्वाभाविक क्रियेस केवळ साहाय्य करणारे उपाय त्यांनीं सरसकट त्याज्य ठरविले नाहींत. कॅथलिक असो वा अँग्लिकन, सर्वांचा मुद्दा एकच होता: पतिपत्नींच्या मध्यें तिसरा येतो. मुलाचा उल्लेख होता, पण तो पुरवणीदाखल. बीज देणाऱ्या पुरुषास तर देण्याचे कष्टच कसले? त्यामुळें दात्याच्या देहाचा प्रश्न या चर्चेंत उद्भवलाच नाहीं, आणि ही उणीव पुढील वादास वारशानें मिळाली.

२५ जुलै १९६८ रोजीं पोप सहावे पॉल यांचें संततिनियमनाविषयींचें प्रसिद्ध पत्र निघालें. विवाहांतील प्रेमाचा मीलनभाव व प्रजोत्पादनभाव हे एकमेकांपासून तोडतां येत नाहींत, हें त्याचें सार. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनीं, त्याच तारखेस, इंग्लंडांतील ओल्डम गांवीं काचपात्रांत गर्भधारणा होऊन जन्मलेली पहिली मुलगी जगांत आली. प्रजोत्पादन हें मीलनावांचून होऊं शकतें याचा तो जिवंत पुरावा होता. व्हेनिसचे धर्माध्यक्ष कार्डिनल आल्बिनो लुचानी यांना या बातमीविषयीं मत विचारण्यांत आलें. रीतीविषयीं त्यांच्या मनांत शंका होत्या, पण त्यांनीं मुलीस शुभ चिंतिलें, आणि आईबापांस दोष देण्याचा आपणांस अधिकार नाहीं असें सांगितलें. थोड्याच दिवसांनीं ते पोप पहिले जॉन पॉल झाले, आणि तेहतीस दिवसांनीं निवर्तले. ते जगते तर रोमचा पुढील सूर निराळा असता काय, असा विचार मनांत येतो. पण इतिहास लिहिणारानें अशा विचारांत फार वेळ रमूं नये.

मेलबर्नच्या मुलाचा वृत्तांत १९८४ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें दुसरें मूल जन्मलें. दोहोंची रीत भिन्न होती. मेलबर्न येथें बीज काढून काचपात्रांत फलित करण्यांत आलें होतें. लाँग बीच येथें मात्र बीज देणाऱ्या स्त्रीच्याच शरीरांत दुसरीच्या पतीचें वीर्य घालून, गर्भ धरल्यावर पांचसहा दिवसांनीं तो धुऊन काढून त्या दुसरीच्या उदरीं ठेवला होता. ही दुसरी रीत ऐकतांच वाचकांच्या अंगावर कांटा आला असेल, आणि तो धर्मवाद्यांच्याच अंगावर आला असें नाहीं. गर्भ धुऊन निघाला नाहीं तर ती स्त्री गरोदर राहणार, तिनें तें मूल वाढवावें कीं पाडावें? इंग्लंडांत तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें नेमलेल्या समितीनें १९८४ सालीं अहवाल दिला, त्यांत पहिली रीत परवान्यानें चालूं द्यावी आणि दुसरी तूर्त वापरूं नये असें सांगितलें, आणि त्यास कारण दात्रीस असलेला धोका हें दिलें. दात्रीच्या देहाची काळजी येथें सरकारी समितीस सुचली ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९९० च्या ब्रिटिश कायद्यानें गर्भ वाहणारी तीच आई असें स्पष्ट लिहून टाकलें. म्हणजे रोमन पंडितांचा नियम जिंकला, पण आतां त्याला कायद्याचें कलम टेंकण म्हणून लागलें.

त्याच १९८४ सालीं ऑक्सफर्डचे अँग्लिकन धर्मपंडित ऑलिव्हर ओडोनोव्हन यांचें ‘जन्मलेलें कीं घडविलेलें?’ हें लहानसें पुस्तक निघालें. आमच्या मतें या विषयावर प्रॉटेस्टंट बाजूनें इतकें मर्मभेदी दुसरें फारसें लिहिलें गेलेलें नाहीं. चौथ्या शतकांत नायसिया येथें ठरलेल्या मतांगीकारांत ख्रिस्त हा पित्यापासून जन्मलेला आहे, घडविलेला नाहीं, असा भेद केला आहे. ओडोनोव्हन यांनीं तो भेद ईश्वरशास्त्रांतून उचलून मनुष्याच्या जन्मास लाविला. आपण ज्यास जन्म देतों तो आपल्यासारखाच, आपल्या बरोबरीचा. ज्यास आपण घडवितों तो आपल्या इच्छेच्या अधीन, आपल्या हातचा पदार्थ. मूल कोणाच्या बीजाचें, कोणाच्या उदराचें, कोणाच्या घरचें हें जर आपण निरनिराळें निवडूं लागलों, तर तें घडविलेल्या वस्तूंच्या रांगेंत जाऊन बसणार नाहीं काय, असा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेंत मेथडिस्ट पंडित पॉल रॅम्से यांनीं १९७० सालीं जवळजवळ हीच भीति बोलून दाखविली होती. त्यांच्या नेमके विरुद्ध जोसेफ फ्लेचर उभे होते. हे एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरु, पुढें धर्मश्रद्धा सोडलेले. १९५४ सालींच त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं जेथें विश्वासघात नाहीं तेथें व्यभिचार नाहीं. आणि पुढें तर प्रयोगशाळेंतील जन्म हा विचारपूर्वक निवडलेला असल्यामुळें तोच अधिक मानवी आहे, इथपर्यंत ते गेले. फ्लेचर यांच्या युक्तिवादांत एक स्वच्छपणा आहे. पण तो ज्या घरांत मूल येतें तेथपर्यंतच पोंचतो, ज्या स्त्रीपासून बीज येतें तिच्या दारापर्यंत पोंचत नाहीं.

रोमनें आपलें मत १९८७ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘जीवनाचें दान’ या पत्रांत मांडलें. त्यावर कार्डिनल रात्सिंगर यांची सही आहे. हेच पुढें पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. परबीजानें होणारी गर्भधारणा, मग तें बीज पुरुषाचें असो वा स्त्रीचें, विवाहाच्या ऐक्यास बाधक आहे, हें तर त्यांत आहेच. परंतु १९४९ च्या मानानें एक नवी गोष्ट अशी कीं येथें मूल पुढें आलें. विवाहांत व विवाहापासून जन्मण्याचा हक्क मुलास आहे, आपल्या उगमाशीं असलेलें नातें त्याच्यापासून हिरावून घेतां कामा नये, आणि मूल हें कोणाच्या हक्काची वस्तु नसून देणगी आहे, असें त्या पत्रांत सांगितलें आहे. वांझपणाचें दुःखही त्यांत ओळखलेलें आहे. पत्र कोरडें आहे असा आरोप झाला तो आम्हांस तितकासा न्याय्य वाटत नाहीं. दात्री स्त्रीस काय सोसावें लागतें याचा विचार मात्र त्यांत जवळजवळ नाहीं. ती तेथें ‘तिसरी व्यक्ति’ आहे, आणि तिसऱ्या व्यक्तीस चेहरा नसतो.

यावर उदार प्रॉटेस्टंटांनीं दत्तकाचा मुद्दा पुढें केला. लूथरपंथी पंडित टेड पीटर्स यांनीं १९९६ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत, आईबापपण हें रक्तानें सिद्ध होत नसून मुलाशीं केलेल्या करारानें सिद्ध होतें, असें मत मांडलें. ख्रिस्ती मनास हा मुद्दा परका नाहीं. पौलाच्या पत्रांत भक्त हे देवाचे दत्तक पुत्र आहेत, आणि नाझरेथचा योसेफ तर रक्ताच्या नात्यावांचून बाप झाला. विरोधकांचें उत्तर असें कीं दत्तकांत आधींच अनाथ झालेल्या मुलास घर मिळतें. बीजदानांत मूल एका नात्यापासून तुटावें अशी योजना आधीं होते व मग तें जन्मास येतें. दोन्ही बाजूंनीं ऐकलें असतां आम्हांस दुसरें म्हणणें तर्कदृष्ट्या बळकट वाटतें, पण पहिलें ज्यांच्या घरीं असें मूल हंसत खेळत आहे त्यांच्या अनुभवाशीं अधिक जुळतें.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथांची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. २००० सालीं मॉस्को येथें रशियन चर्चनें आपलें सामाजिक धोरण जाहीर केलें, त्यांत पतीच्या बीजानें होणारा उपचार मान्य करून परबीज मात्र अमान्य ठरविलें. ज्यांनीं जन्म दिला ते अनामिक राहून जबाबदारींतून सुटतात, हा आक्षेप त्यांत ठळक आहे.

कायद्याच्या क्षेत्रांत जर्मनीचें उदाहरण मोठें विलक्षण आहे. तेथें ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या अमदानींत, १९९० सालीं झालेल्या कायद्यानें डॉक्टरांस स्त्रीबीजदानाची मनाई केली, पुरुषबीजदानाची केली नाहीं. ‘दुभंगलेलें मातृत्व’ मुलास घातक होईल, असें कारण दिलें गेलें. पितृत्व दुभंगलें तर चालतें! लूथरपंथी नॉर्वेनेंही २०२० च्या कायद्यापर्यंत असाच भेद पाळला. उलट, कॅथलिक म्हणविणाऱ्या स्पेननें १९८८ सालींच अनामिक स्त्रीबीजदान मोकळें केलें. इटलींत तर या प्रश्नावर सबंध राष्ट्र मतपेटीपर्यंत गेलें. १९९४ सालीं तेथें साठी उलटलेल्या एका स्त्रीस परबीजानें मूल झालें, तेव्हांपासून ओरड चालू होती. २००४ च्या कायद्यानें परबीज बंद झालें. तो कायदा अंशतः रद्द करण्यासाठीं जून २००५ मध्यें लोकमत घेण्यांत आलें, तेव्हां कार्डिनल रुईनी यांनीं श्रद्धाळूंस विरुद्ध मत द्या असें न सांगतां मतदानासच जाऊं नका असें सांगितलें. निम्म्याहून अधिक मतदार न आल्यास लोकमत निष्फळ होतें, हें त्यांस ठाऊक होतें. जेमतेम एकचतुर्थांश लोक आले. विजय मिळाला, पण तो वादांत मिळालेला नव्हता, आणि बंदीच्या दहा वर्षांत इटालियन जोडपीं स्पेनची वाट तुडवीत राहिलीं. २०१४ सालीं इटलीच्या घटना-न्यायालयानें ती बंदी रद्द केली.

परदेशीं जाणाऱ्या या जोडप्यांना बीज देत होतें कोण? येथें आपला विषय आपल्या खऱ्या जागीं येतो. आरंभीं दात्री बहुधा स्वतःच उपचार घेणारी स्त्री असे. तिच्या वापरून उरलेल्या बीजांतून दुसरीस मिळे, किंवा बहीण बहिणीस देई. गर्भ गोठवून ठेवण्याची विद्या १९८४ पासून साधल्यावर उरलेलें असें कांहीं राहिलेंच नाहीं. प्रत्येकजण आपलें सर्व सांठवूं लागली. मग बाहेरून स्त्रिया आणाव्या लागल्या, आणि बाहेरून येणारीस पैसा द्यावा लागला. तिच्याकडून काय घेतलें जातें तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आठदहा दिवस वा अधिक रोज संप्रेरकांचीं इंजेक्शनें. एरवीं महिन्यास एक पिकणारें बीज एकाच वेळीं दहापंधरा पिकविणें. मग गुंगी देऊन सुईनें तीं काढून घेणें. कांहीं जणींचे बीजकोश फाजील चेतून सुजतात, पोटांत पाणी सांठतें, आणि क्वचित् प्राणावर बेततें. पुरुषाच्या दानाशीं याची तुलना करणें हेंच मुळीं चुकीचें होतें, आणि तीच चूक घेऊन हा वाद इतकीं वर्षें चालला.

पैशाचा प्रकार असा कीं १९९९ सालीं अमेरिकेंतील नामांकित विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत उंच, निरोगी व परीक्षेंत ठराविक गुण मिळविलेल्या तरुणीच्या बीजास पन्नास हजार डॉलर देऊं करणारी जाहिरात झळकली. २००५ च्या मार्चमध्यें युरोपीय पार्लमेंटास स्त्रीबीजाच्या व्यापाराविरुद्ध ठराव करावा लागला. रुमानियांतील गरीब स्त्रियांचीं बीजें परदेशीयांसाठीं घेतलीं जात होतीं हें त्याचें निमित्त. त्याच सुमारास कोरियांतील एका प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या प्रयोगासाठीं त्याच्या हाताखालच्या स्त्रियांनींही बीजें दिल्याचें उघड झालें. २००६ सालीं मग एक अपूर्व मेळ जमला. गर्भपाताच्या हक्कासाठीं लढणाऱ्या कांहीं स्त्रिया आणि गर्भपाताच्या कट्टर विरोधी अशा कांहीं ख्रिस्ती स्त्रिया यांनीं मिळून, आमच्या देहास हात लावूं नका, अशी चळवळ उभारली. त्यांतील अमेरिकन परिचारिका जेनिफर लाल यांनीं २०१० सालीं दात्रींच्या कहाण्यांचा एक बोलपटच काढला. त्या बोलपटाची बाजू उघड एकतर्फी आहे. तथापि विवाह, मूल, पंथाचा सिद्धांत या सर्वांच्या आधीं एका बाईच्या पोटांत काय झालें हें त्यांत प्रथम विचारलें आहे. आणि तें विचारणारी परिचारिका होती, धर्माध्यक्ष नव्हता, हेंही लक्षांत घ्यावें.

आपल्याकडे मुंबईंत डॉक्टर इंदिरा हिंदुजा यांच्या हस्तें १९९१ सालीं स्त्रीबीजदानाचें मूल जन्मलें. पुढील तीस वर्षें हा व्यवहार केवळ मार्गदर्शक सूचनांवर चालला, आणि २०२१ सालीं कायदा झाला. दात्रीचें वय तेवीस ते पस्तीस, जन्मांत एकदांच दान, एका वेळीं सातांहून अधिक बीजें काढावयाचीं नाहींत, आणि तिच्यासाठीं विमा: इतकें त्यांत आहे. हा कायदा कोणत्याही धर्मपीठानें सुचविलेला नाहीं. तो पुरेसा पाळला जातो कीं नाहीं हा प्रश्न निराळा, पण दात्री त्यांत मोजलेली आहे.

एप्रिल २०२४ मध्यें रोमनें मनुष्याच्या प्रतिष्ठेविषयीं एक नवें पत्र काढलें. त्यांत या प्रतिष्ठेवर होणाऱ्या आघातांची यादी आहे: दारिद्र्य, युद्ध, स्थलांतरितांचे हाल, माणसांचा व्यापार, आणि त्यांत भाड्यानें घेतलेलें गर्भाशयही. गर्भ वाहणाऱ्या स्त्रीची, तिनें तें राजीखुषीनें केलें असलें तरीसुद्धां, विटंबना होते, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. १९८७ च्या मानानें हें पाऊल बरेंच पुढचें आहे. बीज देणाऱ्या स्त्रीसाठीं त्या यादींत वेगळें कलम नाहीं.